आपल्या भजनवहीतले ना. वा. टिळक



आगमनकाळ सुरू झाला आहे. संत्र्याचा तोडा चालू असल्याने आपल्या गायनवृंदातली निम्मी मंडळी सरावाला उशिरा पोहोचतात, आणि जी वेळेवर येतात ती वही उघडून नाताळची गाणी शोधत बसतात. मागच्या शनिवारी अशीच वही चाळताना एका ज्येष्ठ भगिनीने मला विचारले, की फादर, या गाण्याखाली ना. वा. टिळक असे नाव आहे, ते तर प्रॉटेस्टंट होते ना, मग त्यांचे गाणे आपल्या मिस्सेत कसे? मी चालते एवढेच म्हटले आणि पेटीवाल्याला सूर द्यायला सांगितले. घरी आल्यावर मात्र वाटले, की चांगल्या प्रश्नाला आपण फार तुटक उत्तर दिले. म्हणून या रविवारी नेहमीच्या टिपणाऐवजी टिळकांचे चरित्र लिहितो आहे. निमित्तही आहे. ६ डिसेंबर ही त्यांची जन्मतारीख. आपल्याकडे हा दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाचा म्हणून पाळला जातो, त्यामुळे त्या दिवशी टिळक कोणाला आठवत नाहीत, आणि त्यात वावगे काही नाही.

आधी एक खुलासा. हे लोकमान्य टिळक नव्हेत. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही चित्पावन ब्राह्मण, वयातही पाच वर्षांचेच अंतर, त्यामुळे घोटाळा होतो. आपले टिळक म्हणजे नारायण वामन टिळक, महाराष्ट्र ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो आणि ख्रिस्ती मंडळी रेव्हरंड टिळक म्हणून. शाळेच्या पुस्तकात त्यांची कविता बहुतेकांनी वाचलेली असते. ती लिहिणारा माणूस ख्रिस्ती होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक, हळवी, स्वतः कविता करणारी. नारायण आईच्या अंगावर गेला होता. तो लहान असतानाच आई वारली आणि घराशी असलेला त्याचा धागा तुटला. घर सोडून तो नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत जेमतेम दोनेक वर्षे गेली असतील. पण संस्कृत काव्य मुखोद्गत, मराठी संतांचे अभंग कानात बसलेले आणि रचना सहज होणारी, अशी त्याची तयारी झाली. पुढे या माणसाने पुराण सांगितले, कीर्तने केली, शाळेत शिकवले. एका गावात फार दिवस टिकणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. वधूचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरची. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. ती बारा वर्षांचीही नसेल. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक. टिळकांविषयी आज आपल्याला जे कळते त्यातले बरेचसे तिच्याच पुस्तकातून कळते. शाळेत न गेलेल्या या बाईने नवऱ्याचे गुणदोष दोन्ही हसतहसत लिहिले आहेत. टिळक तापट होते, हातात पैसा टिकत नसे, मनात आले की न सांगता गावाला निघून जात. घरात खायला काय आहे याची चौकशी न करता पाहुणा आणत. एखाद्या संताचे चरित्र लिहिताना आपण ह्या गोष्टी गाळतो. लक्ष्मीबाईंनी त्या गाळल्या नाहीत, म्हणून तिच्या टिळकांवर विश्वास बसतो.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. इथून त्यांची गोष्ट आपल्या विदर्भाची होते. नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला आणि संस्कृत ग्रंथांचे काम सोपवले. टिळकांनी 'ऋषि' नावाचे मासिकही चालवले. बाहेरून पाहता सुखाचे दिवस होते. आत मात्र चैन नव्हते. जातिभेद त्यांना पटत नव्हता, कर्मकांडावरचे मन उडालेले होते, आणि आपला देश उठायचा असेल तर त्याला जिवंत धर्म हवा हा विचार पाठ सोडत नव्हता. नवा धर्म आपणच स्थापावा की काय, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना अशा अवस्थेतल्या माणसांविषयी आम्ही पुष्कळ वाचले. संत अगस्तीनही असाच एका विचारातून दुसऱ्या विचारात भटकत राहिला होता. वाचताना ते रम्य वाटते. ज्याच्या घरात असा माणूस असतो त्याच्या बायकोला ते फारसे रम्य वाटत नाही.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. आज ते छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा तिथे छोटे संस्थान होते आणि टिळकांना तिथे काम मिळायचे होते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या डब्यात त्यांच्यासमोर एक गोरे गृहस्थ बसले होते. गोरा माणूस म्हणजे जागा देताना कुरकुरणार, अशी अपेक्षा. त्यांनी उलट आपुलकीने बोलायला सुरुवात केली. गप्पा संस्कृत काव्यावरून निघाल्या आणि येशू ख्रिस्तापर्यंत पोहोचल्या. ते अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथडिस्ट मिशनचे मिशनरी. उतरताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून टाकले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असणार. पण पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले होते, आणि हा माणूस दिलेला शब्द पाळणारा होता.

पुस्तकाची पहिली पाने त्यांनी कर्तव्य म्हणून वाचली. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाशी आल्यावर मात्र ते थांबले. डोंगरावरचे प्रवचन सोडून पुढे जाता येईना. आपण इतकी वर्षे ज्या प्रश्नांशी झगडत होतो त्यांची उत्तरे इथे आहेत, असे त्यांना वाटले. आणखी एक गोष्ट घडली. हे सारे आपल्याला परके का वाटत नाही, याचा विचार करताना त्यांना जाणवले की तुकोबांनी आधीच आपले मन तयार करून ठेवले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे आयुष्यभर मानत आणि सांगत आले. काही मिशनऱ्यांना हे रुचले नसेल. मला मात्र टिळकांच्या सगळ्या गीतांची किल्ली इथे दिसते.

वर्तमानपत्रातून, टोपणनावाने, त्यांनी शंका विचारल्या. उत्तरे आली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला. वॉर्ड साहेबांचे भाकीत जवळपास खरे ठरले.

या दिवसाविषयी आनंदाने लिहिता येते, आणि बहुतेक चरित्रांत तसे लिहिलेलेही असते. पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले? नवरा धर्म बदलणार याची कुणकुण होती, पण हा दिवस ठरवताना तिला कोणी विचारले नव्हते. बातमी आली तेव्हा ती माहेरच्या माणसांत होती, पदरात चार वर्षांचा दत्तू. त्या काळी नवरा जिवंत असून नसल्यासारखा होणे म्हणजे काय, ते आजच्या मुलींना समजावून सांगावे लागेल. ती वेडीपिशी झाली. नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिली. त्या दुःखात तिला कविता सुचू लागल्या. चार वर्षांहून अधिक काळ ही ताटातूट चालली. टिळक पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, आणि दुसरे लग्न करण्याचा विचार त्यांनी मनात आणला नाही. टिळकांनी सत्य ओळखले तेव्हा थांबायला नको होते, हे मला मान्य आहे. पण ते तिला बरोबर घेऊन चालले असते तर, हा प्रश्न मी 'स्मृतिचित्रे' वाचतो तेव्हा दर वेळी मनात येतोच.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या नवऱ्यासाठी आल्या, ख्रिस्तासाठी नव्हे. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आणि मग राहुरीला त्या सोवळे सांभाळून राहत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. हळूहळू तिच्याच मनात विचार आला, की जाती माणसांनी केल्या की देवाने? उत्तर मिळाल्यावर तिने कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. १९०० साली तिने स्नानसंस्कार घेतला. नवरा एका प्रवचनाने बदलला, बायको पाण्याच्या तांब्यावरून बदलली. मला तिचा रस्ता जास्त कठीण वाटतो.

आता गाण्यांकडे वळू, कारण प्रश्न गाण्याचा होता.

टिळक नागपुरात होते तेव्हा तिथे ख्रिस्ती गाणे कसे होते, याचा विचार करा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला येऊन मिशनचे काम सुरू करून गेले होते. त्यांच्या चर्चमध्ये स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे इंग्रजीत वृत्तबद्ध करून गाण्याची परंपरा होती, आणि तिथे १६५० साली ठरवलेले स्तोत्रांचे पुस्तक पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. आपली मिस्सा लॅटिनमध्ये असे. टिळक कधी आपल्या मंदिरात डोकावले असते, तर त्यांनी लॅटिन ऐकले असते. संस्कृतचे पंडित असल्याने देउस हा शब्द देव शब्दाच्या घरातला आहे हे कदाचित त्यांनी ओळखले असते, बाकी फारसे काही हाती लागले नसते. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. लॅटिन गायनाची गोडी मी सेमिनरीत चाखली आहे. पण आपल्या शेजारी इतका मोठा मराठी कवी देव शोधत हिंडत होता आणि त्याला कळेल असे गाणे आपल्याजवळ नव्हते, हे मान्य करायला हवे.

नव्हते म्हणजे त्या काळी, त्या शहरात नव्हते. एके काळी होते. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, साष्टीत चाळीस वर्षे राहिले आणि त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. उपवासकाळात लोक ते गात असत. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला आणि ती वाट आकसत गेली. पुराणाच्या त्या काळी छापलेल्या प्रती एकही उरली नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. म्हणजे टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठीतले आपले सगळ्यात मोठे धन कुठल्यातरी घरातल्या पेटाऱ्यात पडून होते.

अमेरिकन मराठी मिशनमध्ये परिस्थिती बरी होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गृहस्थांनी देशी चालींवर गीते रचली होती आणि अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनही होत असे. तरी उपासनेत मोठा भाग इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा होता, त्याच विलायती चालींवर गायचा. यात अडचण कुठे येते ते आपल्या गायनवृंदाला लगेच कळेल. इंग्रजी शब्द आघातावर चालतो. मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घावर चालतो. विलायती चालीत पहिला सूर लांबवायचा असेल आणि तिथे पिता हा शब्द आला, की तो पीता होतो. स्वर्गातल्या बापाचे नाव घेता घेता आपण कोणीतरी काहीतरी प्यायल्याचे गाऊ लागतो. लोक निमूटपणे गात. परदेशी साहेबांना फरक कळत नसे आणि आपल्या माणसांना सांगायचा संकोच वाटे.

अभंगात ही अडचण येत नाही. अभंगात अक्षरे मोजतात, मात्रा मोजत नाहीत. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. लहान अभंगात आठ आणि आठ. अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, गाणारा त्याला सारखाच वेळ देतो, म्हणून शब्द मोडत नाही आणि टाळ चुकत नाही. निरक्षर माणूसही दोनदा ऐकून तिसऱ्यांदा म्हणू लागतो. टिळकांनी हेच साधन हाती घेतले. अभंग, ओव्या, पदे, भजने, आरत्यांचा थाट, जे जे मराठी माणसाच्या कानात आधीपासून होते ते त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी आणून ठेवले. हातात चिपळ्या घेऊन ते स्वतः कीर्तनाला उभे राहत.

केवळ चाल देशी आणि आशय परदेशी असे त्यांनी केले असते तर ती गीते इतकी टिकली नसती. त्यांनी ख्रिस्ताशी बोलण्याची पद्धत बदलली. वारकरी विठ्ठलाला माऊली म्हणतो. टिळकांच्या गीतांत ख्रिस्त आई होतो, गुरू होतो, सखा होतो. बालपणीच आई गमावलेल्या माणसाने ख्रिस्ताला आई म्हणावे, यात मला काव्याच्या अलंकारापेक्षा बरेच काही दिसते. स्तोत्रसंहितेतही हेच धाडस आहे. स्तोत्रकर्ता देवाशी भांडतो, रुसतो, किती दिवस असा जाब विचारतो, आणि शेवटी त्याच्याच कुशीत शिरतो. आपण दर रविवारी पहिल्या वाचनानंतर प्रतिसाद-स्तोत्र म्हणतो तेव्हा ही भाषा आपल्या तोंडी असते, पण ती किती धीट आहे इकडे आपले लक्ष नसते. तुकाराम आणि दावीद यांच्यातले हे साम्य टिळकांच्या गीतांत उतरले आहे. त्यांच्या अभंगांचा संग्रह 'अभंगांजली' या नावाने प्रसिद्ध आहे. मिशनच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेहून अधिक एकट्या टिळकांची होती. उपासना वर्षाचा कोणताही काळ घ्या, आगमनाची वाट पाहणे, नाताळचा आनंद, दुःखसहनाचा आठवडा, पुनरुत्थानाची पहाट, त्यांचे गीत सापडतेच. मला स्वतःला क्रुसाजवळची गीते जास्त जवळची वाटतात. तिथे ते वर्णन थोडे करतात आणि जवळ बसून राहतात.

संत अगस्तीनने मिलानच्या चर्चमधली गीते ऐकून अश्रू ढाळले होते, आणि पुढे त्यालाच भीती वाटली, की आपल्याला शब्दांपेक्षा सूरच जास्त आवडतो की काय. टिळकांना ही भीती वाटलेली दिसत नाही. वारकऱ्याच्या देशात सूर आणि शब्द वेगळे काढून दाखवणे तसेही अवघडच.

हे सगळे आपल्याला, कारंजाच्या लोकांना, वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अमरावतीकडे जाताना वाटेवर मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर या भागातले गाव न् गाव डोलले आहे. आपल्याच वर्धा जिल्ह्यात विनोबांनी १९३०-३१ मध्ये 'गीताई' लिहिली, कारण संस्कृत न समजणाऱ्या त्यांच्या आईला मराठीत गीता हवी होती. टिळकांनी जे केले ते त्याच जातीचे काम, त्यांच्या आधी तीसेक वर्षे.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. अहमदनगरच्या सेमिनरीत ते शिकवत, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरेची कविता ऐकून टिळक हरखले. हाच बालकवी. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. तो हिंदूच होता आणि हिंदूच राहिला. बालकवींचा मृत्यू ५ मे १९१८ रोजी रेल्वेखाली सापडून झाला. टिळकांच्या डोळ्यांदेखत हे फूल गळाले, आणि त्यानंतर ते स्वतः जेमतेम वर्षभर जगले.

शेवटच्या वर्षांत त्यांची तगमग वाढली होती. गीते मराठी झाली, पण ख्रिस्ती मंडळी म्हणजे साहेबाच्या पगारावरची माणसे, हे चित्र काही बदलत नव्हते. ख्रिस्ती होणे म्हणजे देशाला पाठ दाखवणे, असे लोक उघड म्हणत, आणि टिळकांसारख्या देशावर जीव टाकणाऱ्याला ते फार लागत असे. १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीही यावा, स्नानसंस्कार झालेला असो वा नसो, अशी त्याची कल्पना होती. इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. संस्कार बाजूला ठेवून ख्रिस्तसभा उभी राहत नाही, असे आपण मानतो, आणि मीही मानतो. पण ज्या दुखण्यावर त्यांनी हा उपाय काढला ते दुखणे खरे होते. परकेपणाचा शिक्का आपल्यावरही बसलेला आहे, आणि तो पुसायला आपण किती केले, हे विचारायला प्रॉटेस्टंट असण्याची गरज नाही.

दरबार नीट उभा राहण्याआधीच टिळक आजारी पडले. मुंबईला जे. जे. हॉस्पिटलमध्ये ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला, त्या काळच्या ख्रिस्ती मंडळींत हे नवलाचे होते. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र काव्यात लिहावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. न विचारता स्नानसंस्कार घेऊन जो तिला मागे ठेवून गेला होता, त्याचे ख्रिस्तचरित्र तिने पुढे नेले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन गोष्टी घडल्या. स्कॉटिश मिशनचे निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांची काही गीते इंग्रजीत नेली, आणि त्यातले एक परदेशातल्या गीतपुस्तकांत जाऊन बसले. ज्या देशातून वृत्तबद्ध स्तोत्रे इकडे आली, त्याच देशातल्या एका माणसाच्या हातून मराठी गीत उलट दिशेने समुद्रापार गेले.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या याच आठवड्यात, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. उपासनेत लोकभाषेला जागा मिळाली. प्रत्येक देशाच्या संगीतपरंपरेचा मान राखावा असेही त्यात आले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, ख्रिस्ती ऐक्याचा दस्तऐवज आला, आणि आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बांधवांजवळचे ख्रिस्ताचे खरे धन आनंदाने ओळखावे असे परिषदेने शिकवले. मिस्सा मराठीत सुरू झाली तेव्हा गायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या एका पाळकाने ते लिहून ठेवले होते. त्या भगिनीला मी तेव्हा न दिलेले उत्तर हे आहे.

आता सरावाचे. आपल्या वहीत तीन गाण्यांखाली नुसते टिळक लिहिले आहे आणि एकाखाली चुकून लोकमान्य. ज्यांच्याकडे वह्या आहेत त्यांनी ते दुरुस्त करून ना. वा. टिळक असे लिहावे. या शनिवारी सराव संध्याकाळी सहाऐवजी सातला आहे, तोड्यावरून येणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून. ढोलकीची वादी सैल झाली आहे, ती कोणी आवळून आणली तर बरे होईल.

तुमचा,
फादर